ढोलींतील पुरावा

घुबडाला आपल्या भाषेंत ‘दिवाभीत’ असें एक नांव आहे. दिवसाला भिणारें तें दिवाभीत. बहुतेक घुबडांना तें शोभतेंहि. परंतु ज्या पक्ष्याचा इतिहास आज मला श्रोत्यांपुढें ठेवावयाचा आहे, तो घुबडाच्याच कुळांतला असूनहि सकाळच्या उन्हांत निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर उघडपणें बसतो, दिवसाढवळ्या सरडे आणि सापसुरळ्या पकडतो व जोडीदाराला साद घालतो. मराठींत त्याला रानपिंगळा म्हणतात. ठाणें, कल्याण किंवा डोंबिवली येथून कसाऱ्याच्या गाडीनें जाणाऱ्या मनुष्याच्या डाव्या हाताला, आटगांव आणि खर्डी या स्टेशनांच्या पलीकडे, तानसाचें जंगल पसरलेलें आहे. २०१४ सालीं सुनील लाड आणि त्यांचे सहकारी यांना हा पक्षी त्या जंगलांत आढळला. तोंपर्यंत महाराष्ट्रांत तो सातपुड्याचा रहिवासी समजला जात असे. मुंबईपासून सुमारें शंभर किलोमीटरांवर, जेथून त्या शहराला पाणी येतें त्या तलावाच्या कांठीं तो असेल, अशी अपेक्षा फारशी कोणी केलेली नव्हती.

त्याच्या नांवामुळें गल्लत होऊं नये म्हणून एक खुलासा आधींच करतों. शहरांत जुन्या भिंतींच्या भोंकांतून आणि वडापिंपळांच्या ढोलींतून जो राहतो, तो साधा पिंगळा. पहाटे कंदील घेऊन दारीं येणारा आणि पक्ष्याची भाषा कळते असें सांगून भविष्य वर्तविणारा जो पिंगळा, त्याला नांव मिळालें तें या पक्ष्यावरून. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढऱ्या ठिपक्यांची दाटी असते. रानपिंगळ्याचें डोकें जवळजवळ बिनठिपक्यांचें असतें, कवटी मोठी, आणि चोंच व नख्या अंगाच्या मानानें भारी असतात. फरक एवढाच, पण या एवढ्याशा फरकानें पुष्कळांना चकविलें आहे.

रानपिंगळ्याची शास्त्राला पहिली ओळख झाली ती १८७२ च्या डिसेंबरांत. हल्लींच्या छत्तीसगडांतील बसना-फुलझरच्या बाजूला ब्लेविट नांवाच्या इंग्रज गृहस्थानें एक पक्षी मारला. तो ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांच्याकडे गेला, आणि १८७३ सालीं ह्यूम यांनीं आपल्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकांत त्याचें वर्णन करून ब्लेविटचें नांव त्याला दिलें. हे ह्यूम म्हणजे पुढें १८८५ मध्यें काँग्रेसच्या स्थापनेंत पुढाकार घेणारेच. त्यानंतर आणखी कांहीं नमुने मिळाले. त्यांतले पुष्कळसे खानदेशांत जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्यानें गोळा केले. १८८४ नंतर मात्र हा पक्षी जणूं पृथ्वीच्या पोटांत गडप झाला. जगांतल्या संग्रहालयांत मिळून त्याचे अवघे सात नमुने उरले.

या सातांपैकीं एक नमुना पुढें फार गाजला. रिचर्ड माइनर्ट्झहागेन नांवाचे एक ब्रिटिश कर्नल होते. लढाई, हेरगिरी आणि पक्षिशास्त्र या तिन्ही क्षेत्रांत त्यांचा दबदबा होता. गुजराथेंत तापीकांठच्या मांडवी येथें १९१४ सालीं आपण हा पक्षी मारल्याचें त्यांच्या नमुन्याच्या चिठ्ठीवर लिहिलेलें होतें. कर्नलसाहेबांचा शब्द! तो खरा धरून रानपिंगळ्याला पुढील शोधकांनीं नको तेथें धुंडाळलें. खुद्द सलीम अली आणि अमेरिकन पक्षितज्ज्ञ डिलन रिप्ली यांचेहि प्रयत्न निष्फळ ठरले. अखेर पामेला रॅसमुसेन या अमेरिकन विदुषीनें नायजेल कॉलर यांच्यासह त्या कातड्याची कसून तपासणी केली. क्ष-किरणांखालीं धरल्यावर त्यांत डेव्हिडसनच्या हाताची धाटणी दिसून आली. कर्नलांनीं ब्रिटिश म्युझियममधील डेव्हिडसनचाच एक नमुना चोरून, उकलून, पुन्हां भरून त्यावर स्वतःची चिठ्ठी बांधली होती. १९९९ सालीं हें सर्व प्रसिद्ध झालें. मेलेल्या पक्ष्याच्या पायाला दोऱ्यानें बांधलेल्या चिठ्ठीवर केवढा विश्वास टाकला जातो आणि तो किती सहज फसविला जातो, याचें याहून बोलकें उदाहरण मला तरी ठाऊक नाहीं.

खोटी चिठ्ठी बाजूला काढतांच नकाशा आपोआप स्वच्छ झाला. रॅसमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघे १९९७ च्या नोव्हेंबरांत हिंदुस्थानांत आले. प्रथम पूर्वेकडचीं जुनीं ठिकाणें पाहून ते रिकाम्या हातानें परतले व खानदेशांत शहाद्याजवळ तोरणमाळच्या पायथ्याशीं आले. २५ नोव्हेंबरच्या सकाळीं एका पर्णहीन झाडावर बिनठिपक्यांच्या डोक्याचें, जाड पायांचें लहानसें घुबड बेन किंग यांना दिसलें. ११३ वर्षांच्या खंडानंतर जिवंत रानपिंगळ्याची ती पहिली निःसंशय भेट होय.

पण येथें कथा संपत नाहीं, सुरू होते. पक्षी आहे एवढेंच कळलें; तो जगतो कसा, घर कोठें करतो, पिलें किती वाढवितो, यांतलें कांहींच सात कातड्यांवरून कळण्यासारखें नव्हतें. तें काम मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनीं, आणि पुढें गिरीश जठार यांनीं सातपुडा व मेळघाटाच्या जंगलांत केलें. विणीचा हंगाम पावसाळा सरल्यावर सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालतो. घरटें नेहमीं झाडाच्या ढोलींत असतें. अंडीं बहुधा दोन. आणि एक गोष्ट अशी नोंदली गेली कीं जी ऐकून हळव्या मनाला धक्का बसेल: ढोलीजवळ दिवसच्या दिवस बसून निरीक्षण करीत असतां पालक पक्ष्यानें स्वतःचें पिलूं खाल्ल्याचें दिसून आलें. इश्तियाक व रहमानी यांनीं २००० सालीं तें प्रसिद्ध केलें. घुबडांच्या घरांत असें घडतें खरें. अनेक घुबडांची मादी पहिलें अंडें घालतांच उबवूं लागते, त्यामुळें पिलें एकाच वेळीं न निघतां मागेंपुढें निघतात. भक्ष्य कमी पडलें तर धाकट्यावर गदा येते. हें क्रौर्य आहे कीं हिशेब, याचा निकाल माणसाच्या नीतीनें लावूं नये. परंतु ढोलीपाशीं बसल्यावांचून तें कळलें नसतें, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

आतां ही ढोली पिंगळ्याला मिळते कशी? तो स्वतः लांकूड कोरूं शकत नाहीं. सुतार पक्षी व तांबट यांनीं कोरून सोडलेलें, किंवा फांदी मोडून तेथें कुजल्यानें झालेलें भोंक त्याला शोधावें लागतें. म्हणजे जंगलांत झाडें पुष्कळ असून भागत नाहीं. त्यांतलीं कांहीं म्हातारीं, रोगट आणि पोकळ असावीं लागतात. जेथें तशीं उरत नाहींत, तेथें माणसानें लांकडाची पोकळी करून टांगावी, या विचारांतून घरट्याची पेटी जन्माला आली.

तिचा इतिहास मोठा मौजेचा आहे. इंग्लंडांत यॉर्कशायरमधील वॉल्टन हॉल येथें चार्ल्स वॉटर्टन नांवाचा एक विक्षिप्त जमीनदार राहत असे. त्याच्या वाड्यांतील वृद्ध कारभारीण घुबडाचा आवाज ऐकून घाबरे, आणि रखवालदार घुबडें मारीत. आपल्याकडच्याप्रमाणें तेथेंहि घुबड म्हणजे अशुभ! वॉटर्टन प्रवासाहून परतला आणि १८१३ सालीं त्यानें जुन्या पडक्या वेशीवर चुना-दगडाची, सुमारें चार फूट लांबरुंद अशी एक खोली घुबडांसाठीं बांधली, तींत बसण्यास ओकचा दांडा रोंवला, आणि घुबडाला हात लावाल तर खबरदार, अशी रखवालदाराला ताकीद दिली. महिन्याभरांत गव्हाणी घुबडांची एक जोडी तेथें राहावयास आली. एकदां सोळा महिन्यांचा केर काढला, तर न पचलेल्या हाडांचे व केसांचे गोळे टोपल्याहून अधिक निघाले, आणि प्रत्येक गोळ्यांत चारपासून सातपर्यंत उंदरांचे सांगाडे. घुबड कबुतरें खातें म्हणून मारणाऱ्यांना याहून चोख उत्तर कोणतें हवें होतें? घुबडांच्या घराचा अभ्यास करण्यासाठीं माणसानें बांधलेलें घर कसें उपयोगी पडतें, तें येथें प्रथमच दिसलें, असें मी समजतों.

पुढें फिनलंडच्या शास्त्रज्ञांनीं या युक्तीला शिस्त लावली. कौहावा भागांत एर्की कोर्पिमाकी यांनीं १९७० नंतरच्या दशकापासून टेंगमाल्मच्या घुबडासाठीं शेंकडों पेट्या झाडांना लावल्या आणि वर्षानुवर्षें त्या तपासल्या. आंखूड शेपटीच्या रानउंदरांची संख्या दर तीनएक वर्षांनीं चढते व उतरते, आणि तिच्याबरोबर घुबडांच्या अंड्यांची संख्याहि हलते, हें त्या पेट्यांनीं दाखवून दिलें. एखाद्या ढोलीपाशीं नशिबानें बसून ही गोष्ट सांपडली नसती. त्यासाठीं एकाच मापाचीं पुष्कळ घरें आणि पुष्कळ वर्षें लागतात. मलायाच्या ताडतेलाच्या मळ्यांत, आणि १९८३ पासून इस्रायलमधील शेतांत, उंदरांवर विष घालण्याऐवजीं गव्हाणी घुबडांना पेट्या देण्याचा प्रघात पडला. २००२ पासून शेजारचा जॉर्डनहि त्यांत सामील झाला. राजकारणांत न जुळणारे शेजारी घुबडाच्या पेटीवर जुळले, ही नोंद जातां जातां करून ठेवतों.

पेटी दिली कीं झालें, असा मात्र समज करून घेऊं नये. पेटींत आलेलें घुबड ढोलींतल्या घुबडासारखेंच वागतें, असें गृहीत धरणें शास्त्राला धरून नाहीं. पेटी कोरडी, ऐसपैस, एका मापाची. ढोली वांकडीतिकडी, कधीं ओली, कधीं सापाच्या वाटेवर. पेट्यांवरून काढलेलीं अनुमानें जंगलावर लादतांना जपलें पाहिजे. शिवाय आपल्या कोंकणपट्टींत पावसाळ्याचे चार महिने लांकडाची परीक्षा पाहतात. तळाला पाणी झिरपावयास भोंकें नसतील आणि तोंड पावसाच्या झोताकडे असेल, तर हंगाम येण्यापूर्वींच पेटी कुजून जावयाची. आणि रिकाम्या जागेला गिऱ्हाइकें काय कमी? साळुंकी, पोपट, खारी, सातेरी मधमाशा, सगळ्यांनाच ती हवी. त्यांतून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें रानपक्ष्यांच्या अंड्यांना व घरट्यांना इजा करणें ही शिकार ठरविली आहे. तेव्हां अभ्यासाची हौस कितीहि शुद्ध असली, तरी वनखात्याच्या परवानगीवांचून अभयारण्यांतल्या घरट्यांत हात घालतां येत नाहीं, आणि तें योग्यच आहे.

ठाण्या-डोंबिवलींत मात्र पेटीला खरोखर जागा आहे. जुने वाडे, दगडी भिंती आणि कौलारू घरें जात चाललीं. वाळक्या फांद्या पावसाळ्यापूर्वीं छाटल्या जातात. या जागांवर राहणारा साधा पिंगळा आणि गव्हाणी घुबड माणसाला सरावलेले आहेत. त्यांच्यासाठीं गच्चीच्या आडोशाला पेटी लावून त्यांचे गोळे तपासणें हा घरबसल्या होणारा अभ्यास आहे.

रानपिंगळ्याचें तसें नाहीं. जागतिक यादींत तो पूर्वीं अतिसंकटग्रस्त होता. २०१८ मध्यें त्याला एक पायरी कमी, म्हणजे संकटग्रस्त, ठरविण्यांत आलें, तरी प्रौढ पक्ष्यांची संख्या हजाराच्या आंतच मानली गेली. तानसाचें जंगल आज उभें आहे त्याला १८९२ सालीं पुऱ्या झालेल्या धरणाचें पाणलोट क्षेत्र हें एक कारण आहे. मुंबईच्या नळाला पाणी हवें म्हणून झाडें राखलीं गेलीं. परंतु जुन्या वनव्यवस्थेंत सरळ, निरोगी साग हा माल आणि पोकळ झाड हा केर मानीत. कूप तोडतांना वांकडीं व वाळकीं झाडें काढून टाकणें हें सुधारणेचें काम समजलें जाई. तेथें किती ढोली उरल्या आहेत, हें पेटी ठोकण्यापूर्वीं मोजावयास हवें. ऑक्टोबरपासून मेपर्यंत, पक्ष्याला त्रास न होईल इतक्या अंतरावरून, झाडाची जात, तें जिवंत कीं वाळलेलें, भोंकाची जमिनीपासून उंची, त्याची रुंदी व दिशा, तें सुतारानें कोरलें कीं कुजून झालें, आणि त्या हंगामांत तेथें शेवटीं कोण राहिलें, एवढ्या गोष्टी टिपून ठेवाव्या. तीनचार हंगामांच्या नोंदी झाल्या म्हणजे पेटी हवी कीं नको हें कळेल, आणि हवी असल्यास तिचीं मापें त्याच वहींतून घेतां येतील.