पिंजाऱ्याची लोकर आणि तोलाचा धडा

निवडणूक जवळ आली की वर्तमानपत्रांत एक वाक्य हमखास वाचायला मिळतं: अमुक नेत्याने बीड जिल्हा पिंजून काढला. आष्टीपासून परळीपर्यंत आणि गेवराईपासून अंबाजोगाईपर्यंत त्याने एकही गाव सोडलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. हे वाक्य लिहिताना कुणाला पिंजारी आठवत नाही आणि वाचतानाही आठवत नाही. ज्याच्या कामावरून मराठीला हा वाक्प्रचार मिळाला, तो आपल्याकडे बहुतेक वेळा मुसलमान होता. खांद्यावर कमान टाकून गावोगाव फिरायचा, कापूस आणि लोकर पिंजून द्यायचा. भाषेने त्याला जपून ठेवलं. इतिहासाने मात्र त्याची फारशी दखल घेतली नाही.

आज हा विषय घेण्याचं कारण वेगळं आहे. मोठ्या शहरांत सध्या विणकामाचे आणि लोकर मळून, दाबून वस्तू बनवण्याचे वर्ग निघाले आहेत. धावपळीच्या आयुष्यात मनाचा तोल सांभाळायला हाताला असं काम हवं, असं तिथे सांगितलं जातं. यात खोटं काही नाही. ज्यांनी सुया हातात धरल्या आहेत त्यांना हे सांगावं लागत नाही. पण हा तोल बाहेरून आलेली नवी गोष्ट आहे असं कुणी समजत असेल, तर त्याने आपल्या जिल्ह्याकडे एकदा पाहावं.

बीडचा भूगोलच दोन पारड्यांचा आहे. उत्तरेला गोदावरीचा काठ, गेवराई-माजलगावची काळी जमीन, म्हणजे कापूस. मधून बालाघाटची डोंगररांग. पश्चिमेला आष्टी, पाटोदा, शिरूर कासारची हलकी, कमी पावसाची माळरानं, म्हणजे मेंढरं. एकीकडे शेतकऱ्याचा कापूस, दुसरीकडे धनगराची लोकर, आणि दोन्हींसाठी लागणारा माणूस एकच, पिंजारी. कापूस पिंजल्याशिवाय गादी भरता येत नाही आणि लोकर पिंजल्याशिवाय सूत निघत नाही.

पिंजारी, नदाफ, मन्सूरी ही या बिरादरीची नावं. नदाफ हा अरबी शब्द, अर्थ पिंजणारा. मन्सूरी हे नाव मन्सूर अल-हल्लाज या सूफीशी नातं सांगतं. इ. स. ९२२ मध्ये बगदादला त्याला मृत्युदंड दिला गेला. हल्लाज याचाही अर्थ कापूस पिंजणारा. सूफी हा शब्दही 'सूफ' म्हणजे लोकर यावरून आला, असं बहुतेक अभ्यासक मानतात, कारण सुरुवातीचे फकीर लोकरीचं जाडंभरडं वस्त्र अंगावर घेत. राजस्थानात पंथ उभा करणारे संत दादू दयालही परंपरेने पिंजारी मानले जातात. तेव्हा ज्या धंद्याला लोक हलका म्हणत आले, त्याच्या नावाभोवती एवढी मोठी माणसं उभी आहेत.

हे काम कसं चालायचं ते समजून घेतलं, तर तोल हा शब्द इथे नुसती उपमा नाही हे लक्षात येईल. पिंजाऱ्याची कमान माणसाच्या उंचीच्या आसपास लांब असते. तिला जनावराच्या आतड्यापासून वळलेली तांत ताणून बांधलेली असते. घरी काम करताना कमान आढ्याला दोरीने टांगतात, म्हणजे तिचं वजन हातावर येत नाही. एका हाताने कमान धरायची, तांत लोकरीच्या ढिगात जेमतेम टेकेल एवढी खाली आणायची आणि दुसऱ्या हातातल्या लाकडी ठोकळ्याने तांतेवर मारायचं. तांत थरथरते, लोकरीचे गुंते सुटतात, माती आणि काट्यांचे तुकडे खाली पडतात. फार जोरात मारलं तर तांत तुटते आणि लोकर उडून जाते. हळू मारलं तर गुंता तसाच राहतो. ठोका एका लयीत पडायला हवा. घाई केली की काम बिघडतं आणि लक्ष दुसरीकडे गेलं की हात चुकतो. कुरआनच्या अल-कारिआ या सूरहमध्ये कयामतीच्या दिवसाचं वर्णन करताना डोंगरांना पिंजलेल्या लोकरीची उपमा दिली आहे. ती उपमा समजायला पिंजाऱ्याच्या दारात एकदा उभं राहावं लागतं. इतका जड, मळका ढीग, आणि बघता बघता त्याला वजनच उरत नाही.

अशा पिंजलेल्या लोकरीचं पुढे दोन प्रकारे कापड होतं. एक विणून, दुसरं न विणता. न विणता होणाऱ्या जाड कापडाला आपल्याकडे जेन किंवा बुरणूस म्हणत, काश्मीर-कच्छकडे नमदा म्हणतात. बुरणूस हा शब्द मूळचा अरबी. तिकडे त्याचा अर्थ टोपी जोडलेला झगा. मराठीत येईपर्यंत तो मळून घट्ट केलेल्या लोकरीचं कापड झाला. यात ताणा नाही, बाणा नाही, गाठ नाही. चटईवर लोकरीचे थर एकमेकांना आडवे-उभे पसरायचे, त्यावर रिठ्याचं किंवा साबणाचं कोमट पाणी शिंपडायचं, चटईसकट गुंडाळायचं आणि हातापायांनी लोळवत, दाबत, मळत राहायचं. लोकरीच्या प्रत्येक केसावर बारीक खवले असतात. कोमट पाण्याने ते उघडतात आणि दाबाने एकमेकांत अडकतात. पाणी कमी पडलं तर लोकर धरत नाही, जास्त झालं तर सरकते आणि कुठे जाड, कुठे विरळ होते. दख्खनी मेंढीची लोकर राठ आणि केसाळ, त्यामुळे तिला मऊ लोकरीपेक्षा जास्त मेहनत लागते.

१८८५ सालच्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये पुण्यातले पिंजारी बुरणूस बनवत असल्याची नोंद आहे. घोड्याच्या खोगिराखाली घालायला तो लागायचा. म्हणजे घोडदळांच्या ज्या कथा आपण दोन्ही बाजूंनी अभिमानाने सांगतो, त्या घोड्यांची पाठ सोलू नये म्हणून कुणीतरी मुसलमान कारागीर गुडघ्यावर बसून लोकर मळत होता. इतिहासात स्वार सापडतो, खोगीर सापडतं. खोगिराखालचं मात्र सापडत नाही.

विणून होणारी वस्तू म्हणजे घोंगडी. ती एका जातीची नाही, एका धर्माचीही नाही. मेंढरं धनगराची. दख्खनी मेंढीची कातरणी वर्षातून दोनदा होते आणि एका मेंढीपासून वर्षाला जेमतेम अर्धा-पाऊण किलो लोकर मिळते. ती पिंजायला कमान. सूत कातायला घरातल्या बाया, ज्यांच्या या कामाचे पैसे वेगळे कुणी मोजले नाहीत. सुताला चिंचोक्याची खळ आणि मग सणगर किंवा खुटेकर विणकराचा माग. कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर असेल तर ती जावळाची घोंगडी, सगळ्यात मऊ. तीच घोंगडी खंडोबाच्या जागरणात अंथरली जाते आणि तीच मेंढपाळाच्या डोक्यावर पावसात खोळ होऊन बसते. घोंगडी भिजली की जड होते, लवकर वाळत नाही, म्हणून रेंगाळलेल्या प्रश्नाला आपण भिजत घोंगडं म्हणतो. बुरणुसाचं उलट आहे. तो भिजल्याशिवाय जन्मालाच येत नाही.

आता सुयांवरच्या विणकामाकडे येऊ. ते इंग्रजांच्या काळात मिशनच्या शाळांमधून आपल्याकडे पसरलं, म्हणून बरेच जण त्याला युरोपची कला समजतात. पण खऱ्या अर्थाने सुयांवर विणलेले जे जुन्यात जुने नमुने जगात टिकून आहेत, त्यांत इजिप्तमधल्या मुस्लिम राजवटींच्या काळातले निळे-पांढरे सुती मोजे आहेत. अकराव्या ते चौदाव्या शतकाच्या दरम्यानचे. काहींवर कूफी अक्षरांसारखी नक्षी आहे. स्पेनमध्ये बुर्गोस इथल्या मठात १२७५ साली वारलेल्या राजपुत्राच्या कबरीत विणलेली रेशमी उशी सापडली. तिच्यावर अरबीत बरकत हा शब्द विणलेला आहे. ख्रिस्ती राजपुत्राच्या डोक्याखालची ती उशी मुसलमान कारागिरांचं काम मानली जाते. म्हणजे एक सुलट, एक उलट करत बाळंतविड्यासाठी टोपडं विणणारी आपल्याकडची आजी आणि नमाजाची जाळीची टोपी क्रोशाने करणारी खाला, दोघीही एका फार जुन्या रांगेत बसल्या आहेत.

पण हे सगळं सांगताना गोड चित्र रंगवायचं नाही. पिंजाऱ्याच्या हाताला लय होती, तशी त्याच्या छातीत कापसाची धूळही होती. त्याला मजुरी थोडी होती आणि मान त्याहून थोडा. इस्लाममध्ये जात नाही असं आपण म्हणतो. तरी सय्यद-पठाणांच्या घरातून पिंजाऱ्याला मुलगी सहजासहजी मिळत नव्हती, हे आपल्यापैकी कुणालाही नवीन नाही. १९९० नंतर जालन्याच्या शब्बीर अन्सारी यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रात मुस्लिम ओबीसींची चळवळ वाढली. दिलीपकुमार यांनीही तिला साथ दिली. पिंजारी, अन्सारी, बागवान, कुरेशी अशा कष्टकरी बिरादऱ्या आपलं नाव उघडपणे सांगू लागल्या. मुसलमान म्हणजे नवाबांचे वारस, ही समजूत त्या चळवळीने मोडली. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान संपलं, तेव्हा मराठवाड्यातल्या साध्या मुसलमानांवर जे गुदरलं त्याची नोंद सुंदरलाल समितीच्या अहवालात आहे आणि त्यात बीडचंही नाव आहे. ज्यांनी कधी राज्य केलं नव्हतं, त्यांनाही राज्यकर्त्यांच्या नावावरचा हिशेब चुकवावा लागला. श्रमाचा इतिहास लिहिला नाही की असं होतं.

पुढचा घाव यंत्राने घातला. विजेवरचं पिंजणयंत्र आलं, त्यानंतर फोमच्या गाद्या आल्या. घोडे गेले आणि बुरणुसाची गरज गेली. पिंजारी गावाच्या ठिकाणी गादीघर टाकून बसला, किंवा मुलं दुसऱ्या धंद्यात गेली. आता नदाफ हे फक्त आडनाव उरलं आहे. धनगराचीही तीच गत. कारखाने बाहेरच्या देशांतून मऊ लोकर आणतात. दख्खनी लोकर विकून अनेकदा कातरणीची मजुरीसुद्धा निघत नाही, म्हणून ती माळावर टाकून दिली जाते. पुष्कळ मेंढपाळ आता मटणासाठी माडग्याळ, नेल्लोरसारख्या मेंढ्या पाळतात, ज्यांना लोकर जवळजवळ नसतेच. आणि आपण बाजारातून रंगीत गुंडी आणतो, तिला लोकर म्हणतो. ती बहुतेक वेळा ॲक्रेलिक असते. मेंढीशी तिचा काही संबंध नाही.

मग मनाचा तोल शोधणाऱ्याने काय करायचं? विणायचं थांबवा असं मी म्हणणार नाही. उलट अजून एक गोष्ट करून पाहा. कातरणीच्या दिवसांत एखाद्या मेंढपाळाकडून किलोभर लोकर योग्य पैसे देऊन घ्या. धुवा, वाळवा, हाताने मोकळी करा. वाटीभर लोकर ताटात आडवी-उभी पसरा, कोमट साबणाचं पाणी शिंपडा, जुन्या कापडात गुंडाळून अर्धा तास लोळवत राहा. भांड्याखाली ठेवायला एक लहानसा तुकडा तयार होईल, वेडावाकडा. तेवढ्यात कळेल की तोल म्हणजे शांत बसणं नव्हे. किती दाबायचं आणि कधी हात काढायचा हे हाताला उमगणं म्हणजे तोल. जवळपास कुणी म्हातारे नदाफचाचा असतील तर त्यांना तो तुकडा दाखवा. ते चूक नक्की सांगतील.

सूरह नहलमध्ये जनावरांच्या लोकरीचा उल्लेख माणसाच्या घरासाठी दिलेली देणगी म्हणून येतो. त्याच सूरहमध्ये पुढे, मेहनतीने पक्कं कातलेलं सूत स्वतःच उसवून टाकणाऱ्या बाईचं उदाहरण आहे, तिच्यासारखं होऊ नका म्हणून. वचन दिल्यावर ते मोडू नका, असा त्याचा संदर्भ आहे. आपल्या जिल्ह्याला तो वेगळ्या अर्थानेही लागू पडतो. धनगराची मेंढी, पिंजाऱ्याची कमान, बायांची चाती आणि सणगराचा माग मिळून इथे एक सूत पक्कं झालं होतं. ते कुणी एका दिवसात कातलं नव्हतं. आज गावागावांत माणसांना वेगळं करायचं काम जोरात चालू आहे, म्हणून हे मुद्दाम सांगायचं. पिंजारी केस न् केस वेगळा करायचा हे खरं, पण तो पुन्हा घट्ट एकत्र यावा म्हणून. पुढच्या वेळी कुणी जिल्हा पिंजून काढला असं वाचाल, तेव्हा त्याने पुढे काय जोडलं, हेही विचारा.