उमेदवारी : सुट्टींतील आणि सत्रभराची

पालघर जिल्ह्यांतील सालवड हें गांव बोईसरनजीक तारापूर औद्योगिक वसाहतीस लागून आहे. रसायनें, औषधें, कापड व पोलाद यांचे कारखाने या वसाहतींत आहेत. अशा गांवच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यापुढें एक प्रश्न हटकून उभा राहतो. उन्हाळ्याच्या सुट्टींत सहा-आठ आठवडे कारखान्यांत जावें, कीं पदवी लांबली तरी चालेल असें म्हणून अख्खें सत्र तेथें घालवावें? प्रश्न नवा वाटतो. मूळ मात्र जुनें आहे.

लोहाराचा मुलगा पूर्वी बापाच्या भात्याजवळ बसूनच धंदा शिके. पुढें पुण्यास १८५४ सालीं सरकारनें बांधकाम खात्यासाठीं दुय्यम अधिकारी तयार करणारा अभियांत्रिकी वर्ग काढला. मुंबईस १८८७ सालीं व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. विद्या वाढली, परंतु फळा आणि भाता यांच्यांत अंतर पडूं लागलें.

तें अंतर कमी करण्याचा एक प्रसिद्ध यत्न अमेरिकेंत सिनसिनाटी विद्यापीठांत हर्मन श्नायडर यांनीं १९०६ सालीं केला. २७ विद्यार्थी घेऊन एक आठवडा वर्गांत व एक आठवडा कारखान्यांत, असा क्रम त्यांनीं लावला. इंग्लंडांत अशा पद्धतीस सँडविच म्हणूं लागले, आणि पुणें विद्यापीठांतही त्याच नांवाचे यंत्र व उत्पादन अभियांत्रिकीचे अभ्यासक्रम पुढें चालले.

भारतांत १९६१ सालीं शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. १९७३ च्या दुरुस्तीनें पदवीधर व पदविकाधारक अभियंते त्याच्या कक्षेंत आले, आणि त्यांच्या किमान विद्यावेतनाचा अर्धा भार केंद्र सरकारनें पत्करला. ही उमेदवारी बहुधा पदवीनंतरची. पदवीपूर्वीची जागा मुख्यतः सुट्टीनेंच भरून काढली.

सुट्टींतील उमेदवारीचा गुण असा कीं, पदवी वेळेवर मिळते व दोन उन्हाळ्यांत दोन निराळे धंदे पाहतां येतात. पण रसायनाच्या कारखान्यांत पहिले दिवस सुरक्षेचे नियम समजून घेण्यांतच जातात. नवख्याच्या हातीं झडप कोण देईल? यंत्र ओळखीचें होतें न होतें तोंच सुट्टी संपते. अणुऊर्जा खात्यानें १९५७ सालीं ट्रॉम्बे येथें प्रशिक्षणशाळा काढली, तेव्हां तयार पदवीधरांसही वर्षभर शिकविण्याचें ठरविलें. तारापूरचें अणुविद्युत् केंद्र १९६९ सालीं चालू झालें. जोखमीचें काम सवडीनें शिकतां येत नाहीं, हा त्याचा अर्थ.

सत्रभराच्या उमेदवारींत यंत्र बिघडतांना व दुरुस्त होतांना पाहावयास मिळतें; हातीं विद्यावेतनही पडतें. तथापि पदवी सहा महिने लांबली, तर पगारही सहा महिने लांबतो, आणि ज्या घरांत मिळविता एकच आहे तेथें ही गोष्ट लहान नव्हे. शिवाय शिकविणारा कोणी नसेल, तर उमेदवार म्हणजे केवळ स्वस्त मजूर होतो.

म्हणून निवड महिने मोजून करूं नये. पहिल्या उन्हाळ्यांत धंदा पारखावा. मन बसल्यास व घरचा मेळ जुळत असल्यास सत्र द्यावें. मात्र त्याआधीं एक प्रश्न अवश्य विचारावा : तेथें शिकविण्याची जबाबदारी कोणाची? या प्रश्नास स्पष्ट उत्तर मिळेल, तोच कारखाना विद्यार्थ्याच्या सहा महिन्यांस पात्र होय.