शाळा सुटल्यानंतरची इमारत

शाळेसाठी स्वतंत्र इमारत ही आपल्या गावगाड्यात तशी अलीकडची गोष्ट. पंतोजींची शाळा भरे ती देवळाच्या ओवरीत किंवा एखाद्या सधन गृहस्थाच्या पडवीत. म्हणजे तेव्हा शाळाच दुसऱ्याच्या जागेत पाहुणी होती. शाळेची वास्तू इतर वेळी कोणी वापरावी, हा आजचा प्रश्न विचारताना हा उलटा इतिहास ध्यानात ठेवायला हवा. कारण ज्याला ओवरी वर्ज्य, त्याला तिथले अक्षरही वर्ज्य होते.

जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रशाळा काढली, ती स्वतःच्या घरात. दिवसभर राबणाऱ्याला रात्रच मोकळी. पण त्या वेळी उघडे असलेले दार घराचेच होते. सरकारी इमारत सर्वांची असते, असेही नव्हे. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला. सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात संमत व्हायला १९२३ साल उजाडले. शाळेच्या किल्लीचा खरा इतिहास या ठरावापाशी सुरू होतो, असे म्हणता येईल.

खानदेशात याचे एक वेगळे रूप दिसते. धरणगावाशेजारच्या अमळनेरला साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. परंतु त्यांचे शिकवणे घंटेबरोबर संपत नसे. छात्रालयातल्या मुलांसाठी ते हस्तलिखित दैनिक काढीत. पुढे १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून याच गुरुजींनी उपोषण केले. वर्गाबाहेरचे शिक्षण आणि बंद दारे उघडणे ही त्यांच्या लेखी दोन कामे नव्हती.

१९५९ मध्ये सातारा जिल्ह्यातून सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेने प्रौढांना साक्षर करण्याचे काम गावावर आणि गावच्या शिक्षकावर सोपवले. आज मात्र संध्याकाळी बहुतेक शाळांना कुलूप असते. ते निघतच नाही असे नाही. उन्हाळ्यात वऱ्हाडाच्या जानोशासाठी निघते, मतदानासाठी निघते, २०२० च्या साथीत विलगीकरणासाठीही निघाले. पुस्तकासाठी मात्र ते क्वचितच निघते.

मुख्याध्यापकांच्या अडचणी खऱ्या आहेत: वीजबिल, झाडलोट, मोडलेले बाक आणि काही घडले तर जबाबदारी कोणाची? पण जानोशाच्या वेळी याच प्रश्नांची उत्तरे गाव काढतेच. बालकवींच्या धरणगावात, कापसाच्या या मुलखात, दिवसा शेतात वेचणी करून रात्री एकाच खोलीच्या घरात अभ्यासाला बसणाऱ्या मुलीला एक उजेडाचा वर्ग हवा असतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आलेल्या शाळा व्यवस्थापन समितीत बहुसंख्य सदस्य पालकच असतात. पुढच्या बैठकीत वऱ्हाडाआधी या मुलीचा विषय घ्यायला त्यांना कोणाची हरकत असावी?