ओढ

ड्राफ्ट हा इंग्रजी शब्द आमच्या गावात तीन वाटांनी आला. पहिला बँकेचा ड्राफ्ट, पोराच्या अर्जाला जोडायचा. दुसरा वकिलाकडचा, म्हणजे पक्का कागद होण्याआधीचा मसुदा. तिसरा जनावरांच्या डॉक्टरांच्या पुस्तकातला. नांगराला, गाडीला जुंपायच्या जनावरांना तिथं ड्राफ्टची जनावरं म्हणतात. या तिन्हींचा एकमेकांशी काय संबंध, हे डिक्शनरी उघडल्यावर कळलं. शब्दाचं मूळ ओढण्यात आहे. कागदावर रेघा ओढल्या की मसुदा, एका शाखेनं दुसऱ्या शाखेवर पैसे ओढले की बँकेचा ड्राफ्ट, आणि बैलानं नांगर ओढला की तोही ड्राफ्टच.

मग आपल्या ओढीकडं बघितलं. बैल नांगर ओढतो, म्हातारा विडी ओढतो, साहेब ताशेरे ओढतात. सासरी गेलेल्या लेकीला माहेरची ओढ असते. पैसा पुरत नाही तो ओढगस्तीचा संसार. दुसऱ्याच्या पिकात शिरणारं जनावर ओढाळ. आणि पाऊस लांबला की आपण म्हणतो, पावसानं ओढ दिली. हा एक शब्द धरून आमच्या भागाचा साठ वर्षांचा इतिहास सांगता येतो.

आमचा भाग म्हणजे आटपाडी, खानापूर, माण. पाऊस कमी, माळ जास्त, आणि बैल खिलार. खरसुंडीच्या यात्रेत खिलार खोंडाचे दात बघून सौदा व्हायचा. शेतीतलं सगळं बळ त्या जनावराचं. विहिरीवर चामड्याची मोट होती. बैल धावेवरून उतरत गेले की नाडा ताणायचा, मोट वर यायची आणि थारोळ्यात पाणी पडायचं. मग बैल उलट्या पावली माघारी. पहाटेपासून ऊन चढेपर्यंत हेच. बैलाचा खांदा सुजायचा, माणसाचे पाय भरून यायचे. बेंदराच्या आदल्या दिवशी हळद-लोण्यानं खांदे मळायचो, ते उगीच नाही. वर्षभराची ओढ त्या खांद्यावर असायची.

नांगर आधी लाकडी होता. 1903 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर केला. लोखंडानं जमीन नासते या भीतीनं शेतकरी तो घेईनात, असं सांगतात. पुढं 1910 मध्ये कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि तो नांगर आमच्याकडं घरोघर झाला. पण लोखंडी नांगर खोल जायचा, आणि भारी जमिनीत त्याला चार बैल लागायचे, कुठं सहाही. आमच्या गोठ्यात दोनच. गावात निम्म्या घरांत दोन, काहींकडं एकच. मग पैरा करायचा. आज तुझी बैलं माझ्या रानात, उद्या माझी तुझ्या रानात. कुणाचं फारच मागं पडलं तर इर्जिक व्हायचं. सगळ्यांनी आपापली औतं घेऊन जायचं आणि त्या घरानं जेवण घालायचं.

आमच्या वडलांचं आणि त्यांच्या चुलतभावाचं बांधावरनं वाकडं आलं होतं. बोलणं बंद. लग्नकार्यातसुद्धा एकमेकांच्या पंगतीला बसले नाहीत. पण उन्हाळ्यात नांगरट आली की त्यांची बैलं आमच्या दावणीला यायची. निरोप आम्हा पोरांकडनं जायचा, "तात्यांना म्हणावं, उद्या धरायचंय." दोघं एका नांगरामागं दिवसभर चालायचे, एक नांगर धरायचा, दुसरा बैलं हाकायचा. बैलांशी बोलायचे, एकमेकांशी नाही. पण तात्यांना ताप आला त्या वर्षी वडलांनी त्यांचं रान आधी नांगरलं, मग आपलं.

1972 ला पावसानं ओढ दिली. मी तेव्हा शाळकरी पोर. आधीचं सालही कोरडंच गेलं होतं. विहिरींचे तळ दिसले. लोक खडी फोडायला गेले. घरात मिलोच्या भाकरी आणि पोरांच्या हातात सुकडी आली. वैरणच नव्हती, म्हणून बैलं बाजारात गेली. मातीमोल गेली म्हणायचं. वडलांनी जोडी विकली त्या रात्री आमच्या घरात कुणी जेवलं नाही. पुढं पाऊस आला, पण बऱ्याच दावणी रिकाम्याच राहिल्या. मोटेच्या जागी इंजिन आलं, मग वीज, मग ट्रॅक्टर. पोरांचा ओढा आधीपासूनच मुंबईकडं होता. आता गलाईच्या धंद्यात सोनं गाळायला देशभर पांगली.

ट्रॅक्टरवाल्याला पैसे दिले की तासाभरात रान नांगरून होतं. बैलाचा खांदा सुटला, माणसाची कंबर सुटली, हे चांगलंच झालं. मोट परत यावी असं ज्यानं ती हाकली तो कधी म्हणणार नाही. पण आपली जोडी शेजाऱ्याच्या जोडीला लावायची गरजही त्याबरोबर गेली. भांडणं पूर्वीही होती, आजही आहेत. फरक एवढाच, की पूर्वी भांडणारे दोघं वैशाखात एका नांगरामागं यायचे. जुनी माणसं मायाळू होती असं म्हणतात, ते मला पुरतं पटत नाही. माणसाची माणसाला ओढ होती, कारण एकट्याच्या बैलांना नांगर ओढत नव्हता. वडील आणि तात्या शेवटपर्यंत बोलले नाहीत. दोघांच्या दावणीची बैलं गेल्यावर तर निरोप न्यायलाही काही उरलं नाही.

आता टेंभू योजनेचं पाणी आमच्याकडं येतं. कराडजवळ कृष्णेचं पाणी पंपांनी टप्प्याटप्प्यानं वर ओढतात आणि ते आमच्या माळापर्यंत पोचतं. त्याला बैल लागत नाही. पण पाळी ठरवायला माणसं लागतात. वरच्यानं आधी घ्यायचं की खालच्यानं, पाणीपट्टी कुणी गोळा करायची, यासाठी एकत्र बसावं लागतं. गेल्या उन्हाळ्यात तात्यांचा नातू आमच्या दारात आला. "आबा, पाळी आपली दोघांची एकच आहे, कसं करायचं?" म्हणाला. मी त्याला आत बोलावलं आणि सुनेला चहा टाकायला सांगितला.