उस्मानिया : मातृभाषेतलं विद्यापीठ, पण कोणाच्या?

मेडिकल आणि इंजिनिअरिंगचं शिक्षण भारतीय भाषांतून द्यावं, अशी चर्चा गेली काही वर्षं पुन्हा जोरात आहे. 2021 मध्ये तंत्रशिक्षण परिषदेने प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकी शिकवायला परवानगी दिली. 2022 मध्ये मध्य प्रदेशात एमबीबीएसची हिंदी पुस्तकं वाजतगाजत प्रकाशित झाली. दोन्ही वेळा ‘देशात पहिल्यांदाच’ असं म्हटलं गेलं. ते खरं नाही. या देशात शंभर वर्षांपूर्वी वैद्यक, अभियांत्रिकी, कायदा आणि गणित एका भारतीय भाषेतून शिकवलं जात होतं, तेही तीन दशकं. ते विद्यापीठ हैदराबादचं उस्मानिया आणि ती भाषा उर्दू.

मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी, उस्मानाबादच्या मुलांसाठी घरचं विद्यापीठ हेच होतं. तरीही मराठीत उस्मानियाची आठवण निघते ती बहुतेक वेळा एकाच वाक्यात, निजामाच्या जुलमाचा एक पुरावा म्हणून. उर्दूच्या मैफलीत निघते ती दुसऱ्याच सुरात, हरवलेल्या सुवर्णकाळाच्या उसाशासारखी. दोन्ही आठवणी अर्ध्या आहेत.

या विद्यापीठाची कल्पना मांडली सर अकबर हैदरी यांनी. राज्यात तोपर्यंत उच्च शिक्षण म्हणजे मुख्यतः निजाम कॉलेज होतं. ते मद्रास विद्यापीठाला जोडलेलं होतं आणि तिथे सगळं इंग्रजीतून चालायचं. मुलाची निम्मी ताकद विषय समजण्यात नाही, परकी भाषा सांभाळण्यात खर्च होते, असा हैदरींच्या निवेदनाचा गाभा होता. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी एप्रिल 1917 मध्ये फर्मान काढून मंजुरी दिली. 1918 मध्ये विद्यापीठ स्थापन झालं आणि 1919 मध्ये गनफौंड्री भागातल्या भाड्याच्या इमारतींत वर्ग सुरू झाले. इंग्रजी हद्दपार केली नव्हती. ती सक्तीचा विषय म्हणून ठेवली होती. फक्त इंग्रजी ही ज्ञानाचा दरवाजा न राहता एक खिडकी व्हावी, एवढाच आग्रह होता.

विद्यापीठ उघडणं सोपं होतं, पण पुस्तकं कुठून आणायची? म्हणून वर्ग सुरू व्हायच्या आधीच ‘दारुल तर्जुमा’ म्हणजे भाषांतर विभाग उभा राहिला. त्याची धुरा मौलवी अब्दुल हक यांच्याकडे होती, ज्यांना उर्दू जग ‘बाबा-ए-उर्दू’ म्हणतं. ‘उमराव जान अदा’ लिहिणारे मिर्झा हादी रुसवा आणि कवी जोश मलिहाबादी या विभागात नोकरीला होते. इतिहास, तत्त्वज्ञान, अर्थशास्त्र, भौतिकशास्त्र, रसायन, वैद्यक, अभियांत्रिकी, प्रत्येक विषयाचे ग्रंथ इथे उर्दूत आले.

खरा वाद व्हायचा तो परिभाषेवरून. नवे शब्द अरबीतून घ्यायचे, फारसीतून घ्यायचे, की रोजच्या बोलीतून घडवायचे? वहिदुद्दीन सलीम यांनी या प्रश्नावर ‘वज़-ए-इस्तिलाहात’ हा ग्रंथच लिहिला. उर्दू ही हिंदुस्थानच्या मातीत वाढलेली भाषा आहे, तेव्हा शब्द घडवताना केवळ अरबीकडे न पाहता हिंदी मुळांचाही उपयोग करावा, असं त्यांचं म्हणणं होतं. तरी गुरुत्वाकर्षणासाठी ‘कशिश-ए-सिक्ल’ आणि त्रिकोणासाठी ‘मुसल्लस’ असेच शब्द रुळले. मराठी परिभाषेचा इतिहास माहीत असलेल्याला हा वाद ओळखीचा वाटेल. आपण हेच संस्कृतच्या बाबतीत केलं आणि ‘गुरुत्वाकर्षण’ हा शब्दही खेड्यातल्या पोराला घरातून मिळालेला नसतो.

या कथेत मराठवाड्याचा वाटा केवळ विद्यार्थी पुरवण्याचा नव्हता. अब्दुल हक यांचं मोठं काम औरंगाबादेत झालं. ते इथे शाळा तपासनीस होते, पुढे इथल्या इंटरमीजिएट कॉलेजचे प्राचार्य झाले. ‘अंजुमन तरक्की-ए-उर्दू’ या अखिल भारतीय संस्थेचं मुख्यालय त्यांनी औरंगाबादेत आणलं आणि ते इथे जवळपास पाव शतक राहिलं. ‘उर्दू’ हे गाजलेलं त्रैमासिक 1921 मध्ये याच शहरातून निघालं. आधुनिक उर्दू विद्येचा बराचसा पाया मराठी मुलखात, मराठी बोलणाऱ्या माणसांच्या शेजारात घातला गेला, ही गोष्ट आज ना उर्दूवाले सांगतात ना मराठीवाले.

शिक्षण म्हणून हा प्रयोग फसला का? विद्यार्थी पाहावेत. रझिउद्दीन सिद्दीकी उस्मानियातून उर्दूत गणित शिकले, केंब्रिजला गेले, लायप्झिगला हायझेनबर्गच्या हाताखाली डॉक्टरेट केली आणि परत येऊन उस्मानियातच शिकवू लागले. पुढे ते तिथले कुलगुरू झाले. इस्लामी आंतरराष्ट्रीय कायद्याचे जगन्मान्य अभ्यासक डॉ. मुहम्मद हमीदुल्लाह इथलेच. कम्युनिस्ट कवी मखदूम मोहिउद्दीन इथलेच. मातृभाषेतून शिकलेला मुलगा जगाच्या स्पर्धेत मागे पडतो, या समजुतीला उस्मानियाने तेव्हाच उत्तर दिलं होतं.

आता दुसरी बाजू. ‘मातृभाषा’ हा शब्द वापरला की पुढचा प्रश्न टाळता येत नाही : कोणाची? हैदराबाद संस्थानात सुमारे निम्मे लोक तेलुगू बोलत, साधारण चतुर्थांश मराठी आणि दहा टक्क्यांच्या आसपास कन्नड. उर्दू घरी बोलणारे दहा-बारा टक्के. सरकारचं म्हणणं असं की तीन भाषांची तीन विद्यापीठं काढणं शक्य नाही. उर्दू राज्यकारभाराची भाषा आहे आणि तिन्ही प्रदेशांत समजते. यात तथ्य नव्हतं असं नाही. पण भोकरदनच्या किंवा वारंगळच्या शेतकऱ्याच्या मुलासाठी उर्दू ही इंग्रजीइतकी नसली तरी परकीच होती. हैदरींनी इंग्रजीविरुद्ध जो युक्तिवाद केला, तो जसाच्या तसा उर्दूविरुद्ध वापरता येत होता. परक्या भाषेचं ओझं उतरवायला निघालेल्यांनी बहुसंख्य मुलांच्या पाठीवर दुसरं ओझं ठेवलं.

आणि हा प्रश्न फक्त हिंदू मुलांचा नव्हता. खेड्यातला पिंजारी, तांबोळी, अत्तार, मुलाणी घरात दखनी बोलायचा, बाजारात मराठी. लखनौ-दिल्लीच्या उस्तादांनी घडवलेली ती शुद्ध उर्दू त्याच्याही घरची नव्हती. उर्दूचा लाभ झाला तो शहरातल्या, आधीच शिकलेल्या, नोकरीत असलेल्या घरांना. त्यात मुसलमान होते, तसे कायस्थ आणि इतर उर्दू जाणणारे हिंदूही होते. ‘उर्दू म्हणजे मुसलमान’ हे समीकरण तेव्हाही वस्तुस्थितीला धरून नव्हतं. पण अभ्यासक्रमात मुस्लिम विद्यार्थ्यांना ‘दीनियात’ सक्तीचं आणि इतरांना नीतिशास्त्र, पोशाख म्हणून शेरवानी, या सगळ्यातून ते समीकरण पक्कं होत गेलं.

ठिणगी पडली 1938 च्या नोव्हेंबरात. औरंगाबादचं इंटरमीजिएट कॉलेज आणि पाठोपाठ हैदराबादची वसतिगृहं इथल्या हिंदू विद्यार्थ्यांनी प्रार्थनेच्या वेळी ‘वंदे मातरम्’ म्हणायला सुरुवात केली. प्रशासनाने बंदी घातली. मुलं संपावर गेली. तेव्हा बाहेर राज्यात स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह चालू होताच. प्रशासनाने चर्चा करायच्या ऐवजी शेकडो मुलांना काढून टाकलं. विद्यापीठाने स्वतःच्या विद्यार्थ्याशी करता येण्याजोगी ही सगळ्यात वाईट गोष्ट होती : त्याच्या राजकारणाची किंमत त्याच्या शिक्षणातून वसूल करणं.

या मुलांना आसरा दिला नागपूर विद्यापीठाने. तिथले कुलगुरू टी. जे. केदार यांनी त्यांचे प्रवेश करून घेतले. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव या आंदोलनात होते आणि त्यांची कायद्याची पदवी नागपूरची. गंमत अशी की ज्यांनी भाषेच्या आणि अस्मितेच्या नावाने उस्मानिया सोडलं, ते गेले इंग्रजी माध्यमाच्या विद्यापीठात. आणि स्वतः नरसिंह राव आयुष्यभर उत्तम उर्दू जाणणारे राहिले. भाषेवर कोणाचा राग नव्हता, राग होता तिच्या आडून चालणाऱ्या सत्तेवर.

1939 मध्ये आर्ट्स कॉलेजची भव्य इमारत खुली झाली. तिच्या खांबांत वेरूळच्या लेण्यांची आठवण आहे आणि कमानींत इस्लामी वास्तुकलेची. दगडाला जे जमलं, ते आतल्या व्यवस्थेला जमलं नाही.

सप्टेंबर 1948 मध्ये पोलीस ॲक्शन झाली. रझाकारांच्या अत्याचारानंतर आणि ॲक्शनच्या काळात मुसलमानांवर जे गुदरलं त्यानंतर, उर्दूच्या बाजूने बोलायला कोणी उरलं नव्हतं. माध्यम बदललं. पण ते मराठी झालं नाही, तेलुगू झालं नाही, कन्नडही झालं नाही. ते इंग्रजी झालं. ज्या बहुसंख्यांच्या भाषांवर अन्याय झाला होता, त्यांच्या पदरात या बदलातून काहीच पडलं नाही. तीस वर्षांत तयार झालेली पुस्तकं, परिभाषा आणि शिक्षकांची एक पिढी एका फटक्यात निरुपयोगी ठरली.

मराठवाड्याचं उस्मानियाशी नातं मात्र त्यानंतरही दहा वर्षं टिकलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1950 मध्ये औरंगाबादेत कॉलेज काढलं, तेच पुढचं मिलिंद महाविद्यालय. ते उस्मानियालाच संलग्न होतं. ज्यांच्या वाडवडिलांना शाळेची पायरी चढू दिली नव्हती, त्या मुलांच्या पहिल्या पदव्यांवर उस्मानियाचा शिक्का आहे. 1953 मध्ये याच विद्यापीठाने बाबासाहेबांना डी. लिट. दिली. ऑगस्ट 1958 मध्ये मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं, तेव्हा ही नाळ तुटली.

यातून आज काय घ्यायचं? एक, भारतीय भाषेतून उच्च शिक्षण अशक्य आहे असं म्हणणाऱ्यांनी उस्मानियाकडे पाहावं. त्यासाठी घोषणा नाही, दारुल तर्जुमा लागतो : वर्षानुवर्षं पगार देऊन बसवलेली जाणती माणसं. दोन, जे आज एका भाषेला सगळ्यांची भाषा ठरवू पाहतात, त्यांनीही उस्मानियाकडेच पाहावं. राज्यकर्त्यांची भाषा लोकांची मातृभाषा म्हणून खपवली, की तिच्यावर प्रेम करणारेही तिला वाचवू शकत नाहीत. उर्दूचं या मुलखात जे झालं ते त्यामुळे झालं.

राहिला प्रश्न भाषा कोणाची, याचा. मराठी मुलगा आजही कॉलेजात प्रवेशासाठी ‘अर्ज’ करतो, ‘दाखला’ जोडतो आणि वर्गात ‘हजेरी’ देतो. हे तिन्ही शब्द अरबी-फारसीतून आलेले आहेत. ते मराठीत राहिले कारण कोणी सक्ती केली म्हणून नव्हे, तर बोलणाऱ्यांनी आपले मानले म्हणून. उस्मानियाला फर्मानाने जे साधलं नाही, ते सामान्य माणसांनी चावडीवर आणि बाजारात कधीच साधून ठेवलं होतं.