प्रभासपट्टण आणि गीरचे सिंह

सौराष्ट्राच्या सहलीला आता आपल्याकडील बहुतेक महिला मंडळे जाऊन आलेली असतात. सहलीचा क्रमही ठरलेला. एक दिवस सोमनाथाचे दर्शन, दुसऱ्या दिवशी पहाटे सासण-गीरला सिंह, मग दीव किंवा द्वारका करून परत. आपल्या मंडळाची सहलही अशीच झाली. परत आल्यावर ज्यांना येता आले नव्हते त्या भगिनी दोनच प्रश्न विचारीत: “दर्शन नीट झाले का?” आणि “सिंह दिसला का?” दोन्हींना “हो” म्हणूनही सांगण्याजोगे पुष्कळ राहून गेले, असे मला वाटत राहिले. मंडळाच्या स्मरणिकेच्या निमित्ताने ते येथे लिहीत आहे.

सोमनाथ ज्या गावात आहे त्याचे जुने नाव प्रभासपट्टण. वेरावळ बंदर त्याला लागूनच आहे. गावाच्या पूर्वेला हिरण, कपिला आणि सरस्वती यांचा त्रिवेणी संगम आहे. तेथे स्नान करताना आपण हात जोडतो, पण हिरण नदी कोठून येते हे सहसा विचारीत नाही. ती गीरच्या जंगलातून येते. ज्या पाण्यावर हरणे आणि सिंह तहान भागवतात, तेच पाणी वाहत येऊन सोमनाथापाशी समुद्राला मिळते. सासण येथून रस्त्याने सुमारे 40 किलोमीटरच आहे. तेव्हा तीर्थ आणि अरण्य ही सहलीतली दोन वेगळी ठिकाणे नसून एकाच प्रदेशाच्या इतिहासाची दोन पाने आहेत.

त्यातले पहिले पान आपणांस थोडेफार ठाऊक असते. 1026 साली गझनीच्या महमुदाने हे देऊळ लुटून फोडले. 1169 च्या सुमारास राजा कुमारपालाने ते पुन्हा बांधले. 1299 मध्ये अलाउद्दीन खिलजीच्या सैन्याने त्याचा विध्वंस केला, आणि पुढेही बांधणे व पाडणे चालूच राहिले. याच गावचा एक शिलालेख मात्र आपल्या बोलण्यात कधी येत नाही. 1264 सालचा हा लेख संस्कृत व अरबी अशा दोन्ही भाषांत आहे. होर्मुझहून आलेल्या नुरुद्दीन फिरोज नावाच्या नाखव्याने येथे मशीद बांधण्यासाठी जमीन घेतली, आणि त्या कामी गावच्या प्रतिष्ठितांचे त्याला साहाय्य झाले, असे त्यावरून कळते. बंदराचे गाव असे असते. समुद्रमार्गे येणाऱ्याशी त्याला व्यवहार ठेवावाच लागतो.

आपल्या दृष्टीने सर्वांत जिव्हाळ्याची गोष्ट 1783 सालची. मूळ जागी भग्नावशेष उरले असता, अहमदनगरकडच्या चौंडी गावात जन्मलेल्या आणि महेश्वरी राहून राज्य करणाऱ्या अहिल्याबाई होळकरांनी तेथून जवळच नवे देऊळ बांधून पूजा सुरू केली. त्यातील मुख्य लिंग जमिनीखालच्या गाभाऱ्यात आहे. पायऱ्या उतरून खाली गेले की देव पुन्हा हिरावला जाऊ नये ही त्या माउलीची काळजी जाणवते. आजचे भव्य मंदिर सरदार पटेलांनी 1947 साली केलेल्या संकल्पातून उभे राहिले. 11 मे 1951 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथे प्राणप्रतिष्ठा झाली. पण मधली जवळजवळ पावणेदोनशे वर्षे भाविकांची सोय पाहिली ती अहिल्याबाईंच्या लहानशा देवळाने. आमच्याबरोबरच्या कित्येक बायका तेथे न जाताच बसमध्ये येऊन बसल्या, याची मला रुखरुख लागली.

दुसरे पान सिंहांचे. एके काळी हा सिंह इराणपासून आपल्या बिहारापर्यंत नांदत होता. बंदुका आल्या, शिकारीचे वेड वाढले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आफ्रिकेबाहेरचे त्याचे मोठे आश्रयस्थान एक गीर तेवढे उरले. गीर तेव्हा जुनागढ संस्थानात होते. तेथील नवाबांनी शिकारीला आळा घातला. 1900 साली व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन जुनागढला आले असता, सिंह किती थोडे उरले आहेत हे कळल्यावर त्यांनी शिकारीचा बेत सोडून दिला. 1947 मध्ये पाकिस्तानात सामील होण्याचा हट्ट धरून अखेर देश सोडून गेले ते याच घराण्यातील नवाब महाबतखान. राजकारणात त्यांनी जे केले ते केले, परंतु सिंहांना त्यांनी जपले हेही इतिहासाला नोंदवावेच लागते.

पुढे 1965 साली गीर अभयारण्य झाले. 1968 च्या गणतीत 177 सिंह होते; मे 2025 च्या गणतीत ते 891 भरले. ही वाढ नुसत्या कायद्याने झालेली नाही. जंगलातील ‘नेस’ नावाच्या वस्त्यांत राहणारे मालधारी गवळी आपल्या म्हशी सिंहाच्या तोंडी जाताना पाहत आले आहेत. त्यांतील कित्येक कुटुंबांना अभयारण्यासाठी घरे सोडावी लागली. 2007 पासून गीरमध्ये स्त्रियाही वनरक्षक म्हणून नेमल्या जाऊ लागल्या. जखमी सिंहाला पकडून औषधोपचारासाठी नेण्यापर्यंतची कामे त्या करतात.

तरीही धोका टळलेला नाही. 2018 च्या पावसाळ्याअखेर गीरच्या दलखाणिया भागात थोड्याच आठवड्यांत 23 सिंह दगावले, आणि त्यांतील काहींमध्ये कुत्र्यांपासून पसरणाऱ्या रोगाचे विषाणू सापडले. सारी जात एकाच मुलखात असली की एका साथीने काय होईल, हे तेव्हा दिसले. काही सिंह मध्य प्रदेशातील कुनो येथे न्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने 2013 सालीच सांगितले होते. ते झालेले नाही. मात्र 2023 मध्ये एक सिंह आपण होऊन पोरबंदरजवळच्या बरडा डोंगरात जाऊन राहिला, आणि तेथे आता त्यांचे लहानसे कुटुंब वाढत आहे.

म्हणून पुढच्या खेपेस जाणाऱ्या भगिनींना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. सासणला आमच्याकडे एक माणूस आला आणि रात्री शेतात नेऊन हमखास सिंह दाखवतो म्हणाला. आम्ही नकार दिला. असे खेळ बेकायदा असतात. आमिष दाखवून सिंहाला माणसाची सवय लावली, की पुढे त्यात सिंहाचाही जीव जातो आणि माणसाचाही. सरकारी परवाना काढून, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या वाटेनेच जावे. 16 जून ते 15 ऑक्टोबर जंगल बंद असते, हे तारीख ठरवण्यापूर्वीच पाहावे. सिंह न दिसला तर हिरणच्या काठी चितळ आणि मोर दिसतील, त्यांतही आनंद मानावा.

आणि सोमनाथाला गेल्यावर अर्धा तास जास्त काढून अहिल्याबाईंच्या देवळात अवश्य जावे. बसवाल्याला तसे आधीच सांगून ठेवावे म्हणजे घाई होणार नाही.