कंपाविना कंपवात

जेम्स पार्किन्सन हा लंडनच्या हॉक्स्टन भागातला डॉक्टर. 1817 साली त्यानं 66 पानांचं एक पुस्तक छापलं आणि त्यात एका आजाराला ‘थरथरणारा लकवा’ म्हटलं. आधार फक्त सहा माणसांचा. पहिला माळीकाम करणारा. दोघे त्याला रस्त्यात भेटलेले. एकाला तर त्यानं लांबूनच पाहिलेलं. तरीही पुढे झुकलेलं अंग, स्वस्थ ठेवलेल्या हाताची थरथर, चालता चालता आपोआप धावू लागणारी पावलं, हे सारं त्यानं नेमकं टिपलं.

पण या आजारातला स्नायूंचा ताठरपणा त्याच्याकडून निसटला, कारण तो नुसत्या नजरेला कळत नाही. त्यासाठी रोग्याचा हात हातात घ्यावा लागतो. पुढे सुमारे अर्ध्या शतकानं पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात ज्याँ-मार्टिन शार्को यानं ते केलं. तिथे हजारो निराधार वृद्ध स्त्रिया राहत, त्यामुळे एकेक रोगी वर्षानुवर्षं तपासता येई. शार्कोच्या ध्यानात आलं, की काहींचा हात मुळीच थरथरत नाही आणि अंगातली ताकदही बरीच टिकून असते. म्हणजे हा लकवाही नव्हे. जुनं नाव दोन्हीकडून चुकत होतं. म्हणून त्यानं ‘पार्किन्सनचा आजार’ हे नाव रूढ केलं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, आणि शार्कोचं म्हणणं मला रोज पटतं. आपण या आजाराला कंपवात म्हणतो, त्यामुळे घरचे कंपाचीच वाट बघत राहतात. एक निवृत्त शिक्षक ‘खांदा धरलाय’ म्हणून माझ्याकडे आले. चालताना त्यांचा उजवा हात हलत नव्हता. शर्टाचं बटण लावायला फार वेळ लागत होता. फॉर्मवरची सही शेवटाकडे मुंगीएवढी झाली होती. कोपर सरळ करायला घेतला, तर हात अडखळत, टप्प्याटप्प्यानं सुटत गेला. मी त्यांना न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं. निदान पार्किन्सन्सचं निघालं. “अहो मॅडम, पण यांचा हात कुठे कापतो?” त्यांच्या पत्नी पुन्हा पुन्हा विचारत होत्या. तोवर खांद्याच्या शेकात आणि मालिशीत वर्ष गेलं होतं.

आज औषधं आहेत. ती आजार मुळापासून घालवत नाहीत, पण हालचाल पुष्कळ सुकर करतात. म्हणून घरातल्या कुणाचं अक्षर बारीक होत चाललं असेल, एकच हात हलायचा थांबला असेल, पाय घासत पडत असेल, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. हात कापायची वाट न बघता डॉक्टरांना दाखवा.